वायफाय आहे, पण नेट नाही

रेडिओत खरखर सुरू झाली की काय करायचं, हे आपल्याकडच्या लहान पोरालाही ठाऊक असतं. एरिअल थोडी फिरवायची, रेडिओ उचलून खिडकीत ठेवायचा, सेल उतरले आहेत का ते पाहायचं. तरीही जमलं नाही तर शेजारच्या घरात कान द्यायचा. तिथलाही रेडिओ गप्प असेल, तर दोष आपल्या रेडिओचा नाही, केंद्राकडूनच काही अडलं आहे, हे आपोआप कळतं. त्यासाठी कोणी इंजिनिअर लागत नाही. पण हातातल्या मोबाइलवरचं किंवा टॅबवरचं नेट बंद पडलं, की हे शहाणपण कुठं जातं कोण जाणे. मग सगळे पासवर्ड बदलले जातात, राउटरची वायर उपटली जाते, मोबाइल दुकानात जातो आणि शेवटी घरातल्या म्हाताऱ्या माणसाकडे बोट दाखवलं जातं, ‘तुम्हीच काहीतरी दाबलं असेल!’

मी केडगावात राहतो आणि इलेक्ट्रॉनिक्स शिकवतो. गावठाणातली जुनी जाड भिंतींची घरं असोत की भूषणनगर, शाहूनगर, अंबिकानगरच्या नव्या इमारती, खांबांवरून गेलेली नेटची काळी तार आता गल्लोगल्ली दिसते. इलेक्ट्रॉनिक्स शिकवतो म्हणजे सगळ्या यंत्रांचं औषध माझ्याकडे आहे, असा शेजाऱ्यांचा प्रेमळ समज आहे. त्यामुळे संध्याकाळी कोणी ना कोणी मोबाइल घेऊन दारात येतं. वाक्य बहुतेक वेळा एकच असतं, ‘सर, वायफाय आहे, पण नेट नाही.’ बोलणाऱ्याला ते कोडं वाटतं. खरं तर निम्मं उत्तर त्या वाक्यातच असतं.

हा विषय आता करमणुकीपुरता राहिलेला नाही. २०२५ पासून अकरावीचे प्रवेश राज्यभर ऑनलाइन झाले. पसंतीक्रम भरायची मुदत संपत आली असताना नेट गेलं, तर त्या घरातली रात्र कशी जाते, हे ज्याचं त्यालाच ठाऊक. निवृत्तिवेतनधारकांसाठी डिजिटल हयातीचा दाखला २०१४ मध्ये आला आणि २०२१ पासून तो मोबाइलच्या कॅमेऱ्यात चेहरा दाखवूनही देता येऊ लागला. सातबारा, पिकाची नोंद, विम्याची पावती, सगळं त्या हातभर पडद्यावर आलं. तेव्हा नेट अडलं की माणसाचं कामच अडतं. म्हणून बिघाड शोधायची साधी रीत घरातल्या प्रत्येकाला यायला हवी.

आधी एक गैरसमज दूर करू. वायफाय म्हणजे इंटरनेट नव्हे. आपल्या नगर शहराला मुळा धरणातून पाणी येतं. ते आपल्या घरच्या टाकीत पडतं आणि टाकीतून नळाला येतं. नळ कोरडा असेल तर आपण दोन वेगळे प्रश्न विचारतो. टाकीत पाणी आहे का? असेल, तर टाकीपासून नळापर्यंत काहीतरी तुंबलं आहे. टाकीच रिकामी असेल, तर नळ बदलून काय उपयोग? राउटर म्हणजे ती टाकी. राउटरपासून मोबाइलपर्यंतचा बिनतारी टप्पा म्हणजे वायफाय, आणि बाहेरून राउटरपर्यंत येतं ते इंटरनेट. मोबाइलवर पंख्यासारखं चिन्ह भरलेलं दिसतं, तेव्हा मोबाइल फक्त एवढंच सांगत असतो, की मी राउटरपर्यंत पोचलो. त्या चिन्हाशेजारी उद्गारचिन्ह असेल, तर पुढचा रस्ता बंद आहे. ‘वायफाय आहे, पण नेट नाही’ याचा अर्थ इतका सरळ आहे.

त्यामुळे पहिला प्रश्न हाच, की नेट एकाच यंत्रावर बंद आहे की घरातल्या सगळ्यांच्या? ही परीक्षा घेताना एक काळजी घ्यावी. ज्या मोबाइलमध्ये सिमकार्ड आहे, त्याचा मोबाइल डेटा आधी बंद करावा. वायफाय रुसलं की पुष्कळसे मोबाइल गुपचूप सिमच्या नेटवर जातात आणि आपल्याला वाटतं, ‘बघा, आईच्या मोबाइलवर तर चालतंय!’ डेटा बंद करून दोन यंत्रांवर एकच संकेतस्थळ उघडून पाहावं. दोन्हीकडे बंद, तर दोष राउटरचा किंवा त्याच्या बाहेरचा. एकीकडे चालू आणि दुसरीकडे बंद, तर दोष त्या एका यंत्राचा. ही दोन मिनिटांची परीक्षा टाळली, की आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी अशी गत होते.

समजा, सगळ्यांचंच बंद आहे. मग मोबाइल खाली ठेवावा आणि राउटरकडे जावं. त्यावरचे दिवे शोभेसाठी नसतात. फायबरची तार ज्या डब्यात येते, त्यावर इंग्रजीत ‘एलओएस’ अशी अक्षरं असलेला दिवा बहुधा असतो. तो तांबडा लुकलुकत असेल, तर काचेच्या तारेतून येणारा प्रकाश डब्यापर्यंत पोचत नाही, असा त्याचा अर्थ. फायबरमध्ये वीज वाहत नाही, प्रकाश वाहतो. म्हणूनच ती तार कपाटामागे दाबली गेली किंवा कोपऱ्यात करकचून वाकली, तरी प्रकाश वाटेतच गळतो. अशा वेळी सैल वळण देऊन पाहावं, पण तार ओढू किंवा सोलू नये. बाहेर तर कारणांना तोटा नाही. रस्ता खोदताना तार तुटते, उंदीर कुरतडतात, आणि उसाच्या हंगामात उंच भरलेल्या ट्रॉलीत लोंबती तार अडकू शकते. तांबडा दिवा दिसला, की घरात बसून केलेला कोणताही उपाय फुकट आहे. तक्रार नोंदवणं एवढंच काम उरतं.

लाइट गेल्यावरचा प्रकारही इथंच सांगतो. घरात इन्व्हर्टर असून नेट का जातं, असं पुष्कळ जण विचारतात. एक तर राउटरचा प्लग इन्व्हर्टरच्या लाइनवर नसतो. असला, तरी गल्लीच्या तोंडाशी नेटवाल्याचं जे यंत्र बसवलेलं असतं, त्यालाही वीज लागते. त्याची बॅटरी संपली, की तुमचा राउटर जागा असूनही उपाशी राहतो. राउटरसाठी लहान बॅटरीचा डबा मिळतो. पुष्कळ राउटर १२ व्होल्टवर चालतात, पण विकत घेण्यापूर्वी अ‍ॅडॉप्टरवरचे व्होल्ट आणि अँपिअर वाचून तेवढ्याचाच घ्यावा.

तक्रार नोंदवताना एक धोका आहे आणि तो बंद नेटपेक्षा मोठा आहे. घाईत माणूस दुसऱ्या मोबाइलवर ‘कस्टमर केअर’ असं शोधतो आणि समोर येईल त्या नंबरवर फोन लावतो. त्यातले काही नंबर ठगांनी पेरलेले असतात. पलीकडून गोड आवाज येतो, ‘एक अ‍ॅप घ्या, मी इथून दुरुस्त करतो.’ ते अ‍ॅप तुमचा पडदा त्याला दाखवतं आणि दहा रुपयांच्या नावाखाली खातं रिकामं होतं. म्हणून तक्रारीचा नंबर नेटच्या बिलावरून किंवा जोडणी देताना मिळालेल्या कागदावरूनच घ्यावा. दुरुस्तीसाठी ओटीपी कोणालाही सांगू नये. फसवणूक झालीच, तर १९३० या राष्ट्रीय मदतक्रमांकावर लगेच फोन करावा. तिथं जितक्या लवकर कळवाल, तितकी पैसे वाचायची शक्यता जास्त.

आता दुसरी शक्यता पाहू. बाकी सगळ्यांचं चालतं आणि एकाच यंत्रावर बंद आहे. आमच्या शेजारी एसटीतून निवृत्त झालेले एक काका राहतात. लेकीनं दिलेल्या टॅबमध्ये सिमकार्ड नाही, सगळी भिस्त वायफायवर. हयातीच्या दाखल्याची प्रत त्यांना संकेतस्थळावरून उतरवून घ्यायची होती. टॅब वायफायला जोडलेला दिसे, पण पान उघडत नसे. घरातल्यांनी निकाल देऊन टाकला होता, की टॅब गेला, नवा घ्या. काका टॅब घेऊन आले आणि म्हणाले, ‘सर, गाडी सुरू होतीय, पण गिअर पडंना.’

मी म्हणालो, ‘काका, टॅबवर तारीख काय दिसतीय?’

त्यांनी चष्मा वर केला. तारीख काही वर्षांपूर्वीची होती. टॅब कित्येक महिने कपाटात पडून होता, बॅटरी पार उतरली होती आणि घड्याळ मागं गेलं होतं. सुरक्षित संकेतस्थळं उघडताना आपलं यंत्र त्या संकेतस्थळाचं प्रमाणपत्र तपासतं. त्या प्रमाणपत्राला मुदत असते. यंत्राची तारीख जुनी असेल, तर त्याच्या लेखी ते प्रमाणपत्र अजून सुरूच झालेलं नसतं, मग ते दार उघडत नाही. काकांनी स्वतःच्या बोटानं तारीख दुरुस्त केली, वेळ आपोआप घेण्याची खूणही चालू केली, आणि पान उघडलं. एका पैशाचा खर्च आला नाही. गिअर पडला म्हणून काकांना जो आनंद झाला, तो मात्र मोजता येण्यासारखा नव्हता.

एका यंत्रावरचा दोष शोधताना एक क्रम ठेवावा. प्रथम विमानाचं चिन्ह चालू नाही ना, ते पाहावं. मग तारीख आणि वेळ. त्यानंतर वायफायच्या यादीत आपल्या घरचं नाव निवडून ते विसरायला सांगावं आणि पासवर्ड पुन्हा भरावा. पासवर्ड किमान ८ आणि कमाल ६३ अक्षरांचा असतो, आणि त्यात इंग्रजीतलं लहान आणि मोठं लिपीतलं अक्षर वेगळं धरलं जातं. डोळ्याच्या चिन्हावर बोट ठेवलं की टाइप केलेलं दिसतं, तेव्हा आंधळेपणानं भरू नये. मराठीत लिहिणाऱ्यांसाठी आणखी एक सूचना. कीबोर्ड मराठीवर राहिला, तर काही यंत्रांवर आकडे देवनागरीत उमटतात. आपल्याला १२३ बरोबर दिसतं, राउटरला मात्र ते परकं असतं.

पासवर्ड बरोबर असूनही ‘आयपी पत्ता मिळवत आहे’ असं म्हणत मोबाइल फिरत राहिला, तर काय समजायचं? घरातल्या प्रत्येक यंत्राला राउटर एक क्रमांक वाटतो, जसा दवाखान्यात आल्यावर नंबर मिळतो. तो बहुधा १९२.१६८ ने सुरू होतो. राउटर नंबर देईनासा झाला, की काही यंत्रं स्वतःच १६९.२५४ ने सुरू होणारा क्रमांक लावून बसतात. सेटिंगमध्ये असा क्रमांक दिसला, तर राउटर एकदा बंद करून चालू करण्याची वेळ आली आहे असं समजावं.

कधी घरचं वायफाय यादीत दिसतच नाही. त्यामागे बहुधा यंत्राचं वय असतं. राउटर दोन पट्ट्यांवर बोलतो, एक २.४ गिगाहर्ट्झचा आणि दुसरा ५ गिगाहर्ट्झचा. जुन्या किंवा स्वस्तातल्या मोबाइल-टॅबना फक्त पहिला कळतो. पुष्कळ घरांत दुसऱ्या पट्ट्याच्या नावापुढे ‘५जी’ लिहिलेलं असतं आणि त्यावरून घोटाळा होतो. या ५जीचा आणि ऑक्टोबर २०२२ मध्ये भारतात सुरू झालेल्या मोबाइलच्या ५जी सेवेचा काहीही संबंध नाही. एक लहरींचा पट्टा आहे, तर दुसरी मोबाइल सेवेची पाचवी पिढी. नवा राउटर बसवल्यावर जुना टॅब जोडेनासा झाला, तर सुरक्षेचा प्रकारही पाहावा. डब्ल्यूपीए-३ हा प्रकार २०१८ मध्ये आला. त्याआधीच्या अनेक यंत्रांना तो कळत नाही. राउटरमध्ये डब्ल्यूपीए-२ आणि ३ मिळून चालवायची सोय बहुधा असते. नेटवाल्याला तेवढंच सांगावं, पासवर्डच काढून टाकू नये.

आता राहिला शेवटचा प्रकार. हॉलमध्ये चालतं, आतल्या खोलीत चालत नाही. इथं थोडं लहरींविषयी बोलायला हवं. वायफायचं पहिलं मानक १९९७ मध्ये ठरलं आणि त्याला वायफाय हे नाव १९९९ मध्ये मिळालं. खोलीत सोडलेल्या रेडिओलहरी भिंतींवर, कपाटांवर आपटून परत येतात आणि एकमेकींत मिसळतात, हा त्यातला मोठा अडथळा होता. तो सोडवणाऱ्यांत ऑस्ट्रेलियातल्या सीएसआयआरओ या संस्थेचे जॉन ओ’सुलिव्हन आणि त्यांचे सहकारी होते. ओ’सुलिव्हन मूळचे रेडिओखगोलशास्त्रातले. तो शास्त्रविषय आपल्याला परका नाही. आपल्या शेजारच्या पुणे जिल्ह्यात, नारायणगावजवळ खोडदला, गोविंद स्वरूप यांच्या पुढाकारातून उभी राहिलेली जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण आहे. प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या तिथं आकाशाचं क्षीण बोलणं ऐकतात. म्हणून त्या आवारात मोबाइल बंद ठेवायला सांगतात. गलबल्यात हळू बोलणं ऐकू येत नाही, हा नियम आकाशाला लागू आहे तसाच आपल्या घरालाही.

२.४ गिगाहर्ट्झची लहर साधारण १२ सेंटिमीटर लांब असते, ५ गिगाहर्ट्झची साधारण ६ सेंटिमीटर. आखूड लहरीत वेग जास्त मिळतो, पण भिंतीपुढे ती लवकर दमते. म्हणून आतल्या खोलीत २.४ चा पट्टा निवडावा आणि राउटरजवळ ५ चा. पण २.४ च्या पट्ट्यात गर्दी फार. मायक्रोवेव्ह ओव्हन साधारण २.४५ गिगाहर्ट्झवर चालतो, ब्लूटूथही तिथंच, आणि या पट्ट्याला परवाना लागत नसल्यानं शेजारपाजारचे सगळे राउटरही तिथंच. दूध गरम करायला ठेवलं आणि व्हिडिओ अडखळला, तर हे कारण असू शकतं.

आपण राउटर कुठं ठेवतो ते आठवून पाहा. टीव्हीच्या मागं, लोखंडी कपाटावर, नाहीतर फर्निचरच्या बंद खणात. लोखंड या लहरींना परतवून लावतं, पाणी त्या शोषून घेतं. गावठाणातल्या दीड-दोन फुटी भिंतीपुढे तर वायफाय हात टेकतं. राउटर घराच्या मध्यावर, उघड्यावर, छातीच्या उंचीला किंवा त्याहून वर असावा. परीक्षा सोपी आहे. अडलेला मोबाइल राउटरपासून दोन हातांवर न्यावा. तिथं चालला, तर मोबाइलही चांगला आणि नेटही चांगलं. प्रश्न फक्त वाटेचा आहे. जागा बदलून भागलं नाही, तर आतल्या खोलीपर्यंत तार नेऊन दुसरा राउटर बसवणं हा खात्रीचा उपाय. नवा मोबाइल घेणं हा त्याचा उपाय नाही.

आता एक इशारा. राउटर बंद करून चालू करणं वेगळं आणि ‘रीसेट’ करणं वेगळं. बंद करून ३० सेकंद थांबावं, चालू करावं आणि चार-पाच मिनिटं वाट पाहावी. यानं नुकसान काही नाही. पण डब्याच्या मागं टाचणी जाईल एवढं भोक असतं. त्यातलं बटण काही सेकंद दाबून धरलं, की राउटर कारखान्यातून निघाल्यासारखा कोरा होतो. तुमचं नाव, पासवर्ड, नेटवाल्यानं भरलेली माहिती, सगळं पुसलं जातं. मग अर्ध्या तासात सुटणारा प्रश्न माणूस येईपर्यंत लांबतो. ती टाचणी नेटवाल्यानं फोनवर सांगितल्याशिवाय हातात घेऊ नये.

हे सगळं लक्षात कसं ठेवायचं? एका पोस्टकार्डाएवढ्या कागदावर मोठ्या अक्षरांत चार ओळी लिहून तो राउटरशेजारी चिकटवावा. एक, सगळ्यांचं बंद आहे की एकाचंच? दोन, तांबडा दिवा आहे का? तीन, राउटरजवळ नेल्यावर चालतं का? चार, तक्रारीचा खरा नंबर. पासवर्ड मात्र त्या कागदावर नको, तो घरातल्या वहीत असू द्यावा. आणि एका वेळी एकच बदल करून पाहावा. पाच गोष्टी एकदम बदलल्या आणि नेट सुरू झालं, तरी कशानं झालं ते कळत नाही. पुढच्या खेपेला पुन्हा शून्यापासून सुरुवात.

शेवटी घरातल्या तरुण मंडळींना एक सांगणं. आजी-आजोबा मोबाइल घेऊन आले, की तो हातातून ओढून घेऊन, भराभर बोटं फिरवून परत देऊ नका. त्यात त्यांना काही कळत नाही, आणि आपल्यामुळेच बिघडलं अशी भीती मात्र मनात बसते. अशी भीती बसलेली माणसं हळूहळू तो पडदा बाजूला ठेवतात. मग निवृत्तिवेतनाच्या कामापासून परगावच्या नातवाचं तोंड पाहण्यापर्यंत सगळ्यासाठी त्यांना दुसऱ्याची वाट पाहावी लागते. त्याऐवजी मोबाइल त्यांच्याच हातात राहू द्या आणि विचारा, ‘आजी, तांबडा दिवा लागलाय का बघ बरं.’ दोन-तीन वेळा असं झालं, की चौथ्या वेळी तुम्ही घरी नसताना त्याच तुम्हाला फोन करून सांगतील, ‘अरे, दिवा तांबडाय. मी तक्रार केलीय. उद्या सकाळी माणूस येतोय.’